कोरडा टाका

लोकांची यंत्रं उघडली की लोक कळतात, असं काठीवाले म्हणत, आणि लोक कळले की त्यांना लोकांचा वीट येत असे. हौशी रेडिओवाल्यांचे पॉवर ॲम्प्लिफायर दुरुस्त करणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. रेडिओसेटमधून निघणारा शंभर वॉटचा संदेश हजार-बाराशे वॉटचा करून जगाच्या पार पलीकडे पोचवायचा, एवढंच या यंत्राचं काम. आत दोन मोठे व्हॉल्व्ह, एक पंखा, उचलताना कंबर धरेल असा ट्रान्सफॉर्मर आणि जवळजवळ तीन हजार व्होल्ट. एवढ्यात माणूस जागच्या जागी आडवा होतो. झुरळं मात्र त्याच पेटीत, ट्रान्सफॉर्मरच्या उबेला, पिढ्यान्‌पिढ्या संसार करून राहतात, याचा काठीवाल्यांना मनापासून संताप येई.

झुरळांचं एक वेळ समजू शकतं, त्यांना शाळा नाही. पण माणसांचं काय? एका बँक मॅनेजरने पाठवलेल्या यंत्राच्या पंख्यावर केसांची आणि धुळीची गोधडी बसली होती, ती अख्खी एका तुकड्यात निघाली. एका इंजिनिअरने सुटलेली तार च्युइंगगमने चिकटवली होती, आणि गमवर त्याच्या दाढांचे ठसे स्पष्ट होते. एकाने जळलेल्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवलं होतं. एका यंत्रात पाल दोन पट्ट्यांच्या मध्ये चिकटून कोळसा झाली होती आणि मालक फोनवर सांगत होता की आवाज जरा कमी येतोय, बाकी यंत्र झकास आहे. काठीवाले तोंडाला मास्क, हाताला रबरी मोजे चढवून, स्पिरिट आणि ब्रश घेऊन बसत आणि प्रत्येक स्क्रूला एकदा "शी" म्हणत. बायको स्वयंपाकघरातून ऐके. "आज किती झाल्या?" असं ती जेवायला वाढताना विचारी.

हा माणूस पहिल्यापासूनच नाकाने कांदे सोलणारा. दुसऱ्याच्या घरचा कप तो उजेडात धरून बघायचा, बसमधल्या दांडीला रुमालाशिवाय हात लावायचा नाही. बायको म्हणायची, "जन्मल्या जन्मल्या तुम्ही सुईणीला आधी हात धुवून यायला सांगितलं असेल." त्यात चौतीस वर्षं नोकरी केली ती प्रसारण केंद्राच्या ट्रान्समीटरवर. तिथली फरशी दिवसातून दोनदा पुसली जाई. दरवाजा उघडला की वीज आपोआप तुटे आणि किल्ली ज्याच्या खिशात त्याच्याशिवाय आत कुणी पाऊल ठेवत नसे. तिथून उठून हा माणूस हौशी लोकांच्या घाणीत येऊन पडला होता.

काठीवाले हे नाव त्यांना क्लबने दिलं होतं. यंत्र बंद केलं, प्लग उपटला, तरी आतल्या कपॅसिटरमध्ये तीन हजार व्होल्ट टाकीतल्या पाण्यासारखे साठून राहतात. ते वाहून जावेत म्हणून कपॅसिटरच्या दोन टोकांमध्ये एक जाडजूड रोधक जोडलेला असतो. काठीवाले त्याला मोरी म्हणत. मोरी दोनेक मिनिटांत टाकी रिकामी करते आणि पुढच्या मीटरचा काटा शून्यावर येतो. पण मोरीवर विसंबायचं नाही. झाकण उघडल्यावर आधी काठी लावायची: फायबरचा हातभर दांडा, टोकाला तांब्याचा आकडा, आकड्यापासून यंत्राच्या पत्र्यापर्यंत जाड तार. आकडा कपॅसिटरला टेकवला की उरलंसुरलं पत्र्यात जातं. मगच हात घालायचा, तोही एकच, दुसरा हात खिशात. क्लबातल्या प्रत्येकाला त्यांनी ही काठी स्वतः करून दिली होती आणि ती न वापरणाऱ्यांचा चारचौघांत पाणउतारा केला होता.

काम संपलं की आपण घातलेल्या सोल्डरच्या प्रत्येक टाक्यावर ते बायकोच्या लाल नेलपॉलिशचा एक ठिपका ठेवत. ठिपका म्हणजे हा टाका मी तपासला, माझी सही. बायकोने आयुष्यात नखं फारशी रंगवली नव्हती, पण दुकानदार तिला मोठी हौशी बाई समजत असे.

वर्षातून दोनदा नव्या परवानाधारकांचा वर्ग भरे. त्यात काठीवाल्यांचं सुरक्षेवरचं भाषण ठरलेलं. "बाहेर म्हणतात, थांबला तो संपला. या पेटीपुढे उलटं आहे. इथे थांबला तो वाचला." आणि मग ते एक गोष्ट सांगत. गोष्टीतल्या माणसाचं नाव ते घेत नसत, पण अर्ध्या वर्गाला ते ठाऊक असे, आणि उरलेल्या अर्ध्याला चहाच्या वेळी कळे. गोष्टीतला तो माणूस म्हणजे त्यांचा सख्खा साडू.

साडू दातांचा डॉक्टर. दोघी बहिणींतली थोरली काठीवाल्यांना दिलेली, धाकटी डॉक्टरला. काठीवाल्यांना डॉक्टरचा व्यवसाय पहिल्या दिवसापासून असह्य झाला होता. दिवसभर परक्यांच्या तोंडात बोटं घालून, त्यांची थुंकी आणि कीड बघून हा माणूस त्याच हातांनी जेवतो कसा, हे कोडं त्यांना सुटलं नाही. पंगतीत ते डॉक्टरच्या शेजारी कधी बसले नाहीत. डॉक्टरना हे समजत होतं आणि त्यांची त्यात करमणूक होत होती. ते मुद्दाम म्हणत, "साडूबुवा, जरा तुमची अक्कलदाढ दाखवा. आहे की नाही बघू." पण रेडिओचा नाद डॉक्टरला लावला काठीवाल्यांनीच. परवाना काढून दिला, अँटेना उभारून दिली, आणि दवाखान्यामागच्या खोलीत तो मोठा ॲम्प्लिफायर स्वतःच्या हाताने बसवून दिला.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या यंत्राचा तेलाचा कपॅसिटर गळायला लागला म्हणून काठीवाल्यांनी ते घरी आणलं, नवा कपॅसिटर घातला, तासभर पूर्ण ताकदीने चालवून पाहिलं आणि परत नेऊन दिलं. आठ दिवसांनी, सकाळी, पेशंट यायच्या आधी डॉक्टरना त्याच यंत्राने भिंतीवर फेकलं. दोन दिवस त्यांच्या हृदयावर यंत्र लावून ठेवलं होतं. जीव वाचला. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट मात्र आतून जळालं. दिसायला बोटं जागेवर होती, पण त्यांना काही लागत नव्हतं, गरम नाही, टोचणं नाही. ज्याच्या बोटांना लागत नाही त्याने दुसऱ्याच्या दाढेत ड्रिल कसं धरायचं? त्रेपन्नाव्या वर्षी दवाखाना बंद झाला. डॉक्टर विमा कंपनीच्या कचेरीत बसून दुसऱ्या डॉक्टरांनी काढलेले दातांचे फोटो बघायला लागले, अर्ज मंजूर, अर्ज नामंजूर.

शुद्धीवर आल्यावर डॉक्टर पहिलं वाक्य बोलले ते असं: "मी थांबलो होतो."

त्यांचं म्हणणं साधं होतं. यंत्र लावलं, तर मीटरचा काटा हललाच नाही. वाटलं, आतला मोठा दाब तयारच होत नाहीये, फ्यूज गेला असेल. म्हणून यंत्र बंद केलं, प्लग काढला, घड्याळ बघून दहा मिनिटं थांबलो. काटा शून्यावरच होता. झाकण काढलं आणि फ्यूज बघायला हात घातला. काठी लावली नाही ही चूक झाली, कबूल. पण मी थांबलो होतो.

काठीवाल्यांनी इस्पितळाच्या व्हरांड्यात मेहुणीला बाजूला घेऊन सांगितलं, "खोटं आहे. मीटर शून्यावर आणि झटका तीन हजारांचा, हे कसं होईल? घाई केली आणि आता लाज वाटतेय. बंद करून लगेच हात घातलाय." मेहुणीला विजेतलं काही कळत नव्हतं. भावोजींना कळत होतं. तिने भावोजींचं धरलं. यंत्रावर जुनी चादर टाकून तिने ते माळ्यावर चढवलं आणि त्याला पुन्हा कुणी हात लावायचा नाही अशी तंबी दिली. ते उघडून बघावं असं काठीवाल्यांना वाटलं नाही. बघायचं काय त्यात? निकाल लागलेला होता.

वर्गात ही गोष्ट फार रंगायची. "काटा शून्यावर होता म्हणे," काठीवाले म्हणत, मग जरा वेळ घेत, आणि मग, "शून्याचा झटका बसतो का हो कुणाला?" वर्ग हसे. पहिली काही वर्षं डॉक्टर घरच्या प्रत्येक समारंभात विषय निघाला की आपलं म्हणणं मांडत आणि ऐकणारे मान हलवून दुसरीकडे बघत. पुढे त्यांनी बोलणं सोडलं. मागल्या वर्षी कुणीतरी पाहुण्याने उकरून विचारलं तेव्हा ते म्हणाले, "नसेन थांबलो बहुतेक. इतक्या वर्षांनी कोण सांगणार?" काठीवाले समोरच बसले होते. उशिरा का होईना कबूल झाला, असं त्यांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं.

या वर्षी डॉक्टरमंडळींनी लहान घरात जायचं ठरवलं. आवराआवर निघाली, आणि मेहुणीचा फोन आला. "भावोजी, ती माळ्यावरची अवदसा घेऊन जा. क्लबाला द्या, भंगारात द्या, पण माझ्या डोळ्यांपुढून न्या." दोन हमाल लावून यंत्र काठीवाल्यांच्या मागच्या खोलीत आलं. पांढऱ्या फरशीच्या त्या खोलीत, भिंतीवर प्रत्येक पक्कडीची पेन्सिलने आकृती काढून तिथेच ती पक्कड टांगलेली, जमिनीवर काळा रबर अंथरलेला. त्यावर ते धूळ पांघरलेलं धूड ठेवलं तेव्हाच काठीवाल्यांची पहिली "शी" झाली.

झाकणाचे स्क्रू सुटले आणि पुढच्या बारा-पंधरा ओळीने झाल्या. तळाशी झुरळांच्या अंड्यांच्या तपकिरी कुप्या, वाळलेल्या शेंगांसारख्या. त्यांची विष्ठा काळ्या मिरीच्या भुकटीसारखी सगळ्या तारांवर. एका कोपऱ्यात उंदराने चादरीच्या दोऱ्यांचं घर केलं होतं आणि पत्रा त्याच्या मुताने गंजून तांबूस पडला होता. वास असा की मास्कमधूनही डोक्यात जावा. आणि या सगळ्याच्या वर त्यांना ते दिसलं. झाकण उघडलं की वीज तोडणारा आणि कपॅसिटर पत्र्याला टेकवणारा जो स्प्रिंगचा खटका असतो, तो कायमचा दाबून बसवलेला होता. गुलाबी, गुळगुळीत, हिरडीच्या रंगाच्या मसाल्याने. कवळ्या करायचा मसाला.

दुसऱ्यांच्या बोळक्यात बसवायची ती वस्तू डॉक्टरने, यंत्र दुरुस्त होऊन परत मिळाल्यावर, त्याला फासली होती. झाकण काढून ठेवून, आत वारा लागावा म्हणून यंत्र उघडं चालवण्याची ही लबाडी. खटका जागेवर असता तर कपॅसिटर झाकण उघडताक्षणीच रिकामा झाला असता. काठीवाल्यांना शिसारी आली आणि शिसारीच्या मागोमाग एक गोड समाधानही. ते मोठ्याने म्हणाले, "बघा. बघा हा थांबणारा माणूस." पुढच्या महिन्यात वर्ग होता. यंत्र धुऊनपुसून टेबलावर ठेवायचं आणि नव्या लोकांना ती गुलाबी हिरडी दाखवायची, असं त्यांनी ठरवून टाकलं.

तरी काठी लावली. अकरा वर्षं माळ्यावर पडलेलं यंत्र, काही उरणं शक्य नव्हतं, पण नियम तो नियम. मग ब्रश आणि स्पिरिटने एकेक भाग धुवायला घेतला आणि धुता धुता मीटरने तपासायला. ट्रान्सफॉर्मर ठीक. कपॅसिटर ठीक. मोरी तुटलेली.

म्हणजे मोरीचा रोधक शाबूत होता, पण त्याची वरची तार कपॅसिटरला पोचतच नव्हती. काठीवाल्यांनी दिवा जवळ ओढला, डोळ्याला भिंग लावलं. कपॅसिटरच्या पितळी टोकापासून तांदळाएवढ्या अंतरावर तार संपत होती. तिचं टोक काळं, ठिणग्या खाऊन झिजलेलं. तारेच्या टोकाला सोल्डरचा एक गोळा लोंबत होता आणि तो गोळा खालून बघितला तर सपाट होता, आणि त्याला तपकिरी थर चिकटला होता. कोरडा टाका. सोल्डर पितळाला धरलंच नव्हतं. ते पितळावरच्या घाणीवर बसलं होतं, तापून-निवून सुटलं होतं आणि खपलीसारखं उचलून आलं होतं. "कुठल्या नालायकाने," असं काठीवाल्यांच्या तोंडून निघालं, आणि त्यांनी गोळा फिरवून वरून पाहिला. वर लाल ठिपका होता.

त्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं. मग त्यांना तो दिवस आठवला, म्हणजे तो ते मुळी कधी विसरलेच नव्हते. नवा कपॅसिटर घालायला मोरीची तार त्यांनीच सोडवली होती. त्या वेळीही ती झुरळांनी बरबटलेली होती, आणि नव्या कपॅसिटरचं टोकही हाताळताना बरबटलं होतं. नियमाप्रमाणे तार आणि टोक पात्याने खरवडून चकचकीत करायचं, तार टोकाला दोन पीळ देऊन घट्ट करायची आणि मग टाका. त्यासाठी तार बोटांत धरावी लागते आणि तोंड जवळ न्यावं लागतं. त्यांना ते झालं नाही. डॉक्टरच्या दवाखान्यातून आलेलं यंत्र, ड्रिलबरोबर हवेत उडालेली कुणाकुणाची थुंकी त्यावर बसलेली असणार, असं काहीबाही त्यांच्या डोक्यात होतं. चिमट्याने तार नुसती अडकवली, स्पिरिटचा बोळा लांबून फिरवला, मान वळवली आणि टाका घातला. वर सही केली. त्यांना किळस आली होती.

पुढचं समजायला त्यांना भिंग लागलं नाही. या जातीच्या यंत्रात मीटर मोरीच्या खालच्या टोकाला जोडलेलं असतं. मोरीतून वाहतंय तेवढंच ते दाखवतं. वाहत नाही म्हणजे टाकी रिकामी, असं ते धरून चालतं. वरचा टाका सुटला की काटा शून्यावर, आणि टाकी काठोकाठ भरलेली. हे त्यांना आज कळलं नव्हतं. हे त्यांना चाळीस वर्षं माहीत होतं. काटा हलला नाही असं डॉक्टर पहिल्या दिवशी म्हणाले तेव्हाच शंका यायला हवी होती, आणि ती येत होती. ती दारात आली तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं होतं, कारण आठ दिवसांपूर्वी त्या यंत्राला हात लावणारे ते एकटेच होते.

तरी त्यांनी खात्री करून घेतली. छोट्या पॉवर सप्लायने कपॅसिटरला तीनशे व्होल्ट दिले. पुढच्या मीटरचा काटा हलला नाही. सप्लाय काढून घेतला आणि स्टुलावर बसून भिंतीवरच्या घड्याळात दहा मिनिटं मोजली. दहा मिनिटं पुष्कळ असतात. काटा शून्यावर. काठीचा आकडा कपॅसिटरला टेकवला तेव्हा चट्‌दिशी निळी ठिणगी पडली.

सोल्डरिंग आयर्न तापलेलं होतं. पातं फिरवा, दोन पीळ द्या, तीन सेकंदांचा टाका. मोरीच्या त्या टोकाकडे पुन्हा कुणी भिंग लावून बघणार नव्हतं, आणि बघितलं तरी त्याला नवा चकचकीत टाका दिसला असता. डॉक्टरही आता म्हणतच होते, की नसेन थांबलो. काठीवाल्यांनी आयर्न उचललं, तारेजवळ नेलं, आणि हातातल्या मोज्यांकडे बघून ते परत ठेवलं. मोजे काढून ते मागच्या नळावर गेले आणि साबण लावून हात धुतले. खोलीत आले, परत गेले, परत धुतले.

तिसऱ्यांदा नळ सोडला तेव्हा बायको दारात उभी होती. "काय मेलंय आत?"

"काही नाही."

"मग हात सोलून काढताय कशाला?"

त्यांनी सांगितलं. सांगताना ते तिच्याकडे बघत नव्हते, बादलीकडे बघत होते. तिला मोरीचं आणि मीटरचं सगळं कळलं असं नाही, पण लाल ठिपक्याचं कळलं. धाकट्या बहिणीने त्या वर्षी दवाखान्यातली खुर्ची विकली तेव्हा ही सोबत गेली होती. मग तिने पुढे होऊन नळ बंद केला.

"जाऊन सांगणार आहात की धुतच बसणार आहात?"

"तुझी बहीण दारात उभं करायची नाही मला."

"नाही केलं तर नाही. उभ्या उभ्या सांगा."

डॉक्टरच्या घरी दुपारचे चार वाजले होते. हॉलभर खोकी, दोरी, वर्तमानपत्रांचे गठ्ठे. मेहुणी आतल्या खोलीत कपाट रिकामं करत होती, तिचा आवाज येत होता. डॉक्टर एका खोक्यावर चिठ्ठी लावत होते, डाव्या हाताने लिहिलेली, लहान मुलाच्या अक्षरातली. "या साडूबुवा," ते म्हणाले. "मोकळी खुर्ची एवढीच आहे, ती पुसून घ्या हवी तर."

काठीवाले न पुसताच बसले. खिशातून त्यांनी एक कागदाची पुडी काढली आणि खोक्यावर उघडून ठेवली. तिच्यात तो गोळा होता, झिजलेल्या तारेच्या तुकड्यासकट. मग त्यांनी सांगितलं, मोरीचं, मीटरचं, त्या दिवशी खरवडायचं का टाळलं त्याचं. थुंकीचंसुद्धा सांगितलं. वगळावंसं फार वाटलं, पण वगळलं नाही.

डॉक्टरनी गोळा डाव्या हातात घेऊन खिडकीपाशी नेला. "म्हणजे काटा शून्यावरच होता."

"होता."

"पहिल्यापासून."

"पहिल्यापासून. आठ दिवसांत कधीतरी टाका सुटला असणार."

"आणि मी दहा मिनिटं थांबलो काय, दोन तास थांबलो काय."

"काही उपयोग नव्हता."

डॉक्टर खिडकीकडेच तोंड करून होते. "खटका मी बुजवला होता. काठी मी लावली नाही. ते माझं आहे, ते मी घेतो. टाका तुमचा."

"टाका माझा."

"वर्गात सांगता ना माझी गोष्ट? नाव न घेता?"

"हो."

"या खेपेला नाव घेऊन सांगा. दोघांचंही."

काठीवाल्यांनी मान हलवली. माफीचे शब्द ते रस्त्यात जुळवत आले होते, ते आता तोंडात आले, पण डॉक्टर वळले आणि त्यांचा चेहरा बघून ते शब्द तिथेच राहिले. डॉक्टर रागावलेले दिसत नव्हते. उघडं पडलेलं गळू बघावं तसे ते बघत होते.

"सव्वीस वर्षं लोकांच्या तोंडात हात घातले," ते सावकाश म्हणाले. "काय काय बघितलं. पू बघितला, किडे बघितले. पण पेशंटची किळस मला कधी आली नाही. आली असती तर कामच झालं नसतं. तुम्ही माझ्या शेजारी जेवायला बसत नव्हता, त्याचं मी हसू करायचो. म्हणायचो, स्वभाव आहे माणसाचा." त्यांनी गोळा पुडीत परत ठेवला. "आज मला तुमची किळस येतेय. मला नाही वाटत ती जाईल."

काठीवाल्यांना उठून जावंसं वाटलं. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं, घाण दिसली की मान वळवायची. पण डॉक्टरनी आतल्या खोलीकडे बघून बायकोला हाक मारली, आणि काठीवाल्यांना म्हणाले, "बसा. तिलाही तुम्हीच सांगा. त्या वेळी व्हरांड्यात तुम्हीच सांगितलं होतंत."

मेहुणी हातात साड्यांची चळत घेऊन आली. "चहा टाकू का, भावोजी?" असं म्हणता म्हणता दोघांचे चेहरे बघून ती उभीच राहिली. काठीवाल्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी त्यांनी मोरी आणि टाकी असे सोपे शब्द वापरले, वर्गात वापरत तसे, आणि आपलाच तो शिकवणारा आवाज ऐकून त्यांना शिसारी आली. "हे खरं बोलत होते," ते शेवटी म्हणाले. "खोटं मी बोललो."

तिने साड्या जवळच्या खोक्यावर ठेवल्या. त्या घसरून खाली पडल्या, तिने उचलल्या नाहीत. ती काठीवाल्यांकडे बघतच नव्हती. अकरा वर्षांत तिने नवऱ्याला काय काय ऐकवलं होतं, दवाखाना गेला तेव्हा, मुलीच्या लग्नात हात आखडता घ्यावा लागला तेव्हा, कुठल्याही साध्या भांडणात, तुमच्या घाईने आपलं घर बसलं म्हणून, ते सगळं तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक येत होतं.

"मग तुम्ही मला नीट सांगायचं होतं ना," ती नवऱ्याला म्हणाली. "हट्ट धरायचा होता. मला पटेपर्यंत सांगायचं होतं."

"तीन वर्षं सांगत होतो," डॉक्टर म्हणाले. "मग थांबलो."